नऊ

दुकानदाराने फुकट दिलेली काळी बॅग
मी एल आल्तोच्या बाजारात त्याच दिवशी विकून टाकली.
तिच्यावर कंपनीचं नाव इतकं ठळक होतं
की चोराला वाकून वाचायचेही कष्ट नकोत.

मग आईचा अग्वायो काढला,
लाल-जांभळ्या पट्ट्यांचा, एका कडेला उन्हाने विटलेला.
याच कापडात मी वाढले, माझ्यानंतर ब्राउलिओ,
मग बटाट्यांची पोती, आणि एकदा
आई मेलेलं तीन दिवसांचं कोकरू.
आता लॅपटॉप.
आधी स्वेटर, मग टॉवेल, मग तो, पुन्हा टॉवेल,
छातीशी गाठ, गाठीवर गाठ.
चार्जर वेगळा, सुकवलेल्या बटाट्यांच्या पिशवीत, तळाशी.
सगळ्याची नक्कल पेनड्राइव्हवर,
पेनड्राइव्ह घागऱ्याच्या अस्तरात, टाके आतून.

संस्थेचा नऊ वर्षांचा हिशेब आहे त्यात.
कुणाच्या अल्पाकांची लोकर किती, कुणाची उचल बाकी.
एदुविगेस मावशीच्या चौदा किलोंचे
व्यापाऱ्याने अकरा लिहिले होते,
तो मंगळवारसुद्धा.

रात्रीची बस. खिडकी पुरती मिटत नाही.
"गाठोडं वर टाका," पोऱ्या म्हणाला.
मी पाठीवरचं पुढे घेतलं, मांडीवर धरलं.
त्याने पाहिलं, आणि आवाज खाली आणला:
"किती महिन्यांचं?"
खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं.
"नऊ," म्हटलं.
महिने की वर्षं, ते तो समजला तसं समजला.

पाताकामायाला चौघे चढले.
त्यातल्या दोघांना कुठेच बसायचं नव्हतं.
एक माझ्या सीटला टेकून उभा राहिला,
वरच्या फळीवरच्या पिशव्या
बाजारात पाव दाबून बघावेत तशा दाबत.
मी झोपेचं सोंग घेतलं. बोटं गाठीत.

शेजारी एक म्हातारी. गालात कोकाची पानं.
बस खड्ड्यात आपटली तशी तिचा हात माझ्या गाठोड्यावर आला
आणि तिथेच राहिला.
तिला कोपरा लागला. मग दुसरा कोपरा.
दोन बोटांनी तिने ती सरळ कड शेवटपर्यंत नेली.
माझा श्वास तिच्या हाताखाली थांबलेला.

मग मोठ्याने, ड्रायव्हरला ऐकू जाईल अशी ती म्हणाली,
"अगं, डोकं झाक त्याचं! वारं लागतंय पोराला."
आणि स्वतःची शाल काढून
त्या चौकोनी डोक्यावर पांघरली.

तो माणूस पुढे सरकला.
ओरुरोला उतरताना
त्याच्या खांद्यावर एक निळी बॅग होती, चढताना नव्हती.
मी पाहिलं.
पण झोपलेल्या बाईने काय पाहायचं?
उजाडता उजाडता मागचा एक विद्यार्थी
सीटखाली शोधत राहिला,
त्याच जागी, पुन्हा पुन्हा,
जणू नीट पाहिलं की ती परत येईल.

चायापाताला म्हातारी उतरली.
शाल घडी करताना फक्त एवढंच बोलली,
"रात्रभर रडलं नाही हो. गुणाचं आहे."
तिचे दात हिरवे. हसत होती की नाही, कळलं नाही.

गावात पोचले तेव्हा बादलीतल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ.
बायका आधीच जमलेल्या, हात लुगड्यात नाही, बाह्यांत खुपसून.
"उघड ना लवकर."
"थांबा. थंडीतून आलाय तो.
लगेच उबेत उघडला तर आत दव धरतं,
आणि मग सगळंच जातं."

म्हणून अग्वायो अंथरला, चुलीपासून दोन हात लांब,
आणि आम्ही अकराजणी त्याच्याभोवती बसून राहिलो.
चहा झाला. कुणी लोकर कातायला घेतली.
निळी बॅग माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

एदुविगेस मावशी वाकली.
ताप बघतात तसा पालथा हात
तिने झाकणावर ठेवला.
"अजून गार आहे," म्हणाली.
आणि हात उचलला नाही.